बर्लिनमध्ये रात्र संपत का नाही, आणि आता ती थोडी थोडी का संपायला लागलीये

माझा आतेभाऊ ठाण्याहून पहिल्यांदा बर्लिनला आला तेव्हा एअरपोर्टवरून घरी येताना ट्रेनमध्येच त्याने विचारलं, "दादा, इकडे बार किती वाजता बंद होतात?" मी म्हटलं, होत नाहीत. त्याला वाटलं मी फेकतोय. मुंबईत दीड वाजला की वेटर बिल आणून ठेवतो आणि दिवे मोठे करतो, त्यामुळे "बंदच होत नाही" हे आपल्या डोक्यात बसत नाही, मलाही सुरुवातीला बसलं नव्हतं. मग दोन दिवस तो एकेक प्रश्न विचारत गेला आणि मी उत्तरं देत गेलो, आणि तेव्हा लक्षात आलं की हे सगळं नुसतं "जर्मन लोक पार्टी फार करतात" एवढ्यावर सुटत नाही, यात कायदा आहे, टॅक्स आहे, सातबाऱ्याच्या भानगडी आहेत, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रिकाम्या जागा आहेत. तेच इथे जमेल तसं लिहितो.

आधी बंद होण्याची वेळ. ती नसण्यामागे एक माणूस आणि एक व्हिस्कीची बाटली आहे असं बर्लिनवाले सांगतात. साल 1949. युद्ध संपून चार वर्षं झालेली, शहराचे चार तुकडे केलेले, अमेरिकन, ब्रिटिश, फ्रेंच आणि रशियन. बार किती वाजता बंद करायचे ते लष्करी अधिकारी ठरवायचे, आणि पश्चिमेकडचे बार बंद झाले की गिऱ्हाईक सरळ उठून रशियन भागात जायचं कारण तिकडे थोडं उशिरापर्यंत चालू असायचं. तेव्हा पूर्व-पश्चिम बर्लिन तोडणारी भिंत नव्हती, ती 1961 ची. तर हॉटेलवाल्यांचा एक पुढारी होता, हाइन्झ त्सेलरमायर नावाचा, तो अमेरिकन कमांडंट फ्रँक हाउलीकडे बाटली घेऊन गेला आणि त्याला पटवून दिलं की वेळेचं बंधनच काढून टाका, म्हणजे रशियनांना आपल्यापेक्षा तासभर जास्त देताच येणार नाही. जून 1949 मध्ये बंधन उठलं. बाटलीची गोष्ट किती मीठ लावून सांगितलेली आहे कोण जाणे, पण बंधन उठलं ते उठलंच, परत आलं नाही. आज नियमात पहाटे 5 ते 6 असा एक तास तेवढा राहिलाय, तोही साफसफाईसाठी म्हणून.

बाकीच्या जर्मनीत असं सरसकट नव्हतं. त्यात पश्चिम बर्लिनला आणखी एक गंमत होती, शहर दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात असल्यामुळे पश्चिम जर्मनीची सक्तीची लष्करभरती इथल्या रहिवाशांना लागू व्हायची नाही. म्हणजे ज्या पोराला बंदूक उचलायची नाही त्याने बर्लिनला येऊन राहायचं. भाडं कमी, नोकऱ्याही कमी, सैन्य नाही, आणि बारला वेळ नाही. असं तीस-चाळीस वर्षं चाललं तर शहरात कुठल्या प्रकारचे लोक गोळा होतील ते सांगायला नको.

पण आज जे "बर्लिन नाइटलाइफ" म्हणून जगभर ओळखलं जातं ते खरं 9 नोव्हेंबर 1989 नंतरचं. भिंत पडली. पूर्वेकडचे कारखाने बंद पडले, सरकारी ऑफिसं ओस पडली, लोक पश्चिमेला निघून गेले, आणि मधोमध, अगदी शहराच्या पोटात, इमारतीच्या इमारती रिकाम्या. आणि त्या कोणाच्या हेच कोणाला माहीत नाही! हा भाग नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. समजा एखादी इमारत 1930 च्या दशकापर्यंत एका ज्यू कुटुंबाची होती, नाझींनी ती बळकावली, युद्धानंतर पूर्व जर्मन सरकारकडे गेली, आणि आता ते सरकारच राहिलं नाही. मग मालक कोण? मूळ कुटुंबाचे वारस अमेरिकेत वगैरे, त्यांनी दावा लावलेला, फायली या टेबलावरून त्या टेबलावर. आपल्याकडे सामायिक वाड्याची वाटणी जशी दोन पिढ्या चालते तसंच, फक्त अर्ध्या शहराची. आणि तोपर्यंत इमारत रिकामी. मग कोणीतरी पालिकेच्या ऑफिसात जायचं आणि म्हणायचं, आम्ही काही महिने वापरतो, आर्ट गॅलरी करतो. साहेब म्हणायचा करा. याला इथे "तात्पुरता वापर" म्हणतात आणि बर्लिनची अर्धी रात्र या तात्पुरत्या वापरावर उभी राहिलीये.

ट्रेझोर हा क्लब घ्या. ट्रेझोर म्हणजे तिजोरी. लाइपत्सिगर रस्त्यावर युद्धाआधी वेर्टहाइम नावाचं प्रचंड डिपार्टमेंट स्टोअर होतं, ज्यू मालकांचं, त्यांना नाझींनी बाहेर काढलं. वरची इमारत गेली, खाली तळघरातली तिजोरीची खोली तशीच राहिली, जाड दारं, गंजलेले लॉकर्स. 1991 मध्ये दिमित्री हेगेमान आणि त्याच्या मित्रांनी ती शोधून काढली आणि तिथे टेक्नो, म्हणजे मशिनींवर केलेलं ठेक्याचं नाचायचं संगीत, सुरू केलं. पूर्वेची पोरं आणि पश्चिमेची पोरं पहिल्यांदा एका छताखाली नाचली ती अशा जागांमध्ये, आणि ते संगीत आलं कुठून तर अमेरिकेतल्या डेट्रॉइटमधून, म्हणजे तेही कारखाने बंद पडलेलं शहर, तिथले कृष्णवर्णीय कलाकार इकडे येऊन वाजवायचे. दोन रिकाम्या शहरांची दोस्ती. तळघरात शब्दांची गरजच नव्हती म्हणून भाषेचाही प्रश्न नाही. ट्रेझोरची ती जागा 2005 मध्ये गेली, जमीन विकली गेली. वेर्टहाइमच्या जुन्या जागेवर 2014 पासून मॉल आहे, मॉल ऑफ बर्लिन, तिथे मी थर्मल घेतलेत. ट्रेझोर 2007 मध्ये एका जुन्या वीजकेंद्रात परत उघडलं.

अजून एक उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. राइनहार्ट रस्त्यावर काँक्रीटचा एक अवाढव्य ठोकळा आहे, हवाई हल्ल्यात लपायला 1940 च्या दशकात बांधलेला. युद्धानंतर काही काळ त्यात कैदी ठेवले, मग पूर्व जर्मन सरकारने त्यात क्युबाहून आलेली फळं साठवली म्हणून लोक त्याला केळ्यांचा बंकर म्हणायचे, मग 1992 पासून चारेक वर्षं तिथे शहरातला सगळ्यात आडदांड टेक्नो क्लब, आणि आता? आता एका श्रीमंत कलासंग्राहकाचं खाजगी म्युझियम, आणि गच्चीवर त्याचं घर. बर्लिनच्या गेल्या ऐंशी वर्षांचा इतिहास सांगायला मला दुसरं काही लागत नाही, हा ठोकळा पुरतो.

(आपल्याकडे गिरण्यांचं उलट झालं बघा. परळ-लोअर परळला जमीन आधी सोन्याच्या भावाची झाली, टॉवर आणि मॉल आले, आणि मग कमला मिल्ससारख्या कंपाउंडमध्ये महागडे पब आले. बर्लिनमध्ये जमिनीला काही किंमत नव्हती तेव्हा नाचणारे आले. त्यामुळे इथल्या क्लबमध्ये झगमगाट नाही, भिंतीचा पोपडा उडालेला, सोफा कोणीतरी फेकून दिलेला, आणि तेच भारी समजतात. आतेभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाला होता, मी तो काढायला लावला.)

आता सगळे विचारतात तो बेर्गहाइन. नाव क्रॉयत्सबेर्ग आणि फ्रीडरिशहाइन या दोन शेजारच्या भागांची शेपटं जोडून केलंय. 2004 मध्ये उघडला, इमारत 1950 च्या दशकातल्या एका औष्णिक वीजकेंद्राची, मुख्य हॉलची उंची अठरा मीटर, म्हणजे आपल्या पाच-सहा मजल्यांइतकी. शनिवारी मध्यरात्री सुरू झालेली पार्टी सोमवारी सकाळपर्यंत. मध्ये घरी जाऊन झोपून, आंघोळ करून परत आलात तरी चालतं, हातावर शिक्का असतो. फोनच्या कॅमेऱ्यावर आत शिरताना स्टिकर चिकटवतात, फोटो काढलात तर बाहेर. आणि दारावर स्वेन मार्क्वार्ट, चेहऱ्यावर टॅटू असलेला गृहस्थ, जो मुळात पूर्व बर्लिनचा चांगला फोटोग्राफर आहे, हे लोकांना माहीतच नसतं.

दारावरून लोकांना परत का पाठवतात याबद्दल नेटवर हजार थिअऱ्या आहेत, काळे कपडे घाला, हसू नका, जर्मन बोला. बहुतेक भंपक. मूळ कारण समजलं की बाकी समजतं. या क्लबच्या आधी त्याच मंडळींचा ओस्टगूट नावाचा क्लब होता आणि त्याची मुळं गे पुरुषांच्या पार्ट्यांमध्ये. म्हणजे ज्या लोकांकडे बाहेर सगळे टक लावून बघतात त्यांना आत कोणी बघू नये, फोटो काढू नये, छेडू नये, यासाठी दार कडक. बाउन्सर मनात एवढंच तपासतो की हा माणूस नाचायला आलाय का बघायला आलाय. अर्थात हे दोन सेकंदात कसं कळणार, त्यामुळे अन्यायही होतो, आणि त्वचेचा रंग बघून परत पाठवतात अशी तक्रार या शहरात नवीन नाही. तो प्रश्न मिटलाय असं कोणी म्हणत असेल तर थापा मारतोय.

मलाही परत पाठवलंय. कुठल्या क्लबने ते सांगत नाही. आम्ही पाच जण, मित्राचा वाढदिवस, दीड तास लाइनीत, आणि लाइनीत आमचं मराठीतून जोरजोरात चाललेलं, कोण कोणाला किती पैसे देणं लागतो त्याचा हिशोब. दारावरच्या बाईने विचारलं आज कोण वाजवतंय? आम्ही एकमेकांकडे बघितलं. "हॉइटे लायडर निष्ट", म्हणजे आज नाही जमणार, माफ करा. एकदम शांतपणे. वाद घालायचा नसतो, बाजूला व्हायचं. समोरच्या डोनर कबाबवाल्याकडे गेलो, त्याने सांगितलं की त्याचा निम्मा धंदा परत पाठवलेल्यांवर चालतो.

आता टॅक्स, कंटाळवाणं वाटेल पण यातच खरी मजा आहे. जर्मनीत आपल्या जीएसटीसारखा कर आहे, साधारण 19 टक्के, पण ऑपेरा, मैफल, नाटक अशा सांस्कृतिक गोष्टींच्या तिकिटावर 7 टक्के. प्रश्न असा की टेक्नो क्लबचं तिकीट कशात बसतं? टॅक्सवाले म्हणाले, लोक तिथे दारू प्यायला आणि नाचायला जातात, मैफल कसली, 19 भरा. क्लबचं म्हणणं, लोक पोस्टरवर डीजेचं नाव बघून येतात, तो नुसती गाणी लावत नाही, समोरच्या मशिनी वाद्यासारख्या वापरून त्या रात्रीपुरतं नवीन काहीतरी करतो. बेर्गहाइनच्या बाजूने 2016 मध्ये कोर्टाने निकाल दिला आणि 2020 मध्ये देशाच्या सर्वोच्च कर न्यायालयानेही टेक्नो क्लबांच्या तिकिटाला मैफलीसारखं धरता येतं असं मान्य केलं. फरक किती? 20 युरोच्या तिकिटात 19 टक्क्यांनी साधारण 3 युरो 19 सेंट सरकारला जातात, 7 टक्क्यांनी 1 युरो 31. एका रात्री हजार लोक आले तर जवळजवळ 1900 युरोचा फरक, दर रात्री.

दुसरी लढाई जागेच्या नियमांची. जर्मनीत शहराच्या प्रत्येक तुकड्यावर काय बांधायचं हे ठरलेलं असतं, इथे घरं, इथे दुकानं, इथे कारखाने. आणि क्लबांचं खातं कुठलं, तर करमणुकीच्या अड्ड्यांचं, म्हणजे जुगाराची मशिनं, सेक्स सिनेमा आणि तुमचा टेक्नो क्लब एकाच ओळीत. त्यामुळे वस्तीत परवानगी मिळायची मारामार. ऑपेरा मात्र सांस्कृतिक खात्यात. तसे बर्लिनमध्ये ऑपेरा एक नाही तीन आहेत, शहर दुभंगलेलं असल्यामुळे दोन्हीकडच्यांनी आपापले चालवले आणि एकत्र आल्यावर कुठला बंद करायचा हे कोणाला ठरवता आलं नाही, आता तिन्ही सरकारी पैशावर चालतात (तीस वर्षांखालच्यांना स्वस्तात तिकिटं मिळतात, तुमचं वय बसत असेल तर जाच). तर मे 2021 मध्ये जर्मन संसदेने ठराव केला की लाइव्ह संगीत असलेल्या क्लबांना सांस्कृतिक स्थळ धरावं. ठराव झाला म्हणून नियम आपोआप बदलत नाहीत हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आणि मग शेजारी. रात्री 10 नंतर शांतता हा नियम जर्मनीत आपल्याकडच्यापेक्षा फार गंभीरपणे घेतात, मी रात्री मिक्सर लावला तर खालच्या आजी सकाळी जिन्यात थांबवतात. प्रेन्झलाउअर बेर्ग भागात क्नाक नावाचा क्लब होता, 1952 पासूनचा, म्हणजे भिंतीच्याही आधीचा. शेजारच्या प्लॉटवर बिल्डरने नवीन फ्लॅट बांधले, राहायला आलेल्यांनी आवाजाची तक्रार केली, प्रकरण कोर्टात गेलं, आवाजावर इतकी बंधनं आली की 2010 च्या शेवटी क्लब बंद. देवळाशेजारी घर घ्यायचं आणि मग घंटेची तक्रार करायची, तसलं. यावरून धडा घेऊन पुढे 2018 मध्ये शहराने दहा लाख युरोचा फंड काढला, क्लबांनी भिंती-दारं आवाजबंद करावीत म्हणून. आणि क्लबवाल्यांची संघटना, क्लबकमिशन, ही मागणी लावून धरते की जो नंतर आला त्याने बंदोबस्त करावा, म्हणजे क्लबशेजारी बिल्डिंग बांधतोस तर चांगल्या काचा तू बसव.

पण खरं दुखणं भाडं. मघाशी म्हटलं ना की सगळं रिकाम्या जागांवर उभं होतं, तर जागा आता रिकाम्या नाहीत. श्प्रे नदीच्या काठावर कंपन्या आल्या, मोठी अरीना आली, 2008 मध्ये त्या भागातल्या लोकांनी याविरुद्ध मतदान केलं, 87 टक्के विरोधात, तरी बरंचसं बांधलं गेलंच. आणि यात क्लबांचाही हात आहे बरं का, नकळत. क्लबमुळे भाग "कूल" झाला, कूल झाला म्हणून लोक राहायला आले, राहायला आले म्हणून भाडं वाढलं, आणि भाडं वाढलं म्हणून क्लब गेला. इथे त्याला क्लबमरण म्हणतात, जर्मनमध्ये क्लुबश्टेर्बेन, पेपरात दर महिन्याला एकदा तरी हा शब्द असतो. वॉटरगेट, ओबरबाउम पुलाशेजारचा, ज्याच्या काचेतून पहाटे नदी दिसायची, 2002 ते 2024. विल्डे रेनाटे, भाडेकरार वाढवून मिळाला नाही. श्वूत्स, 1977 पासूनचा गे क्लब, 2025 मध्ये दिवाळखोरी. शिवाय ए-100 हा हायवे शहरात आणखी आत आणायचा प्लॅन आहे आणि त्याच्या वाटेत चार-पाच क्लब येतात. कोरोनात दीड वर्ष दारं बंद होती ती उधारी अजून फिटलेली नाही, वीज महागली, कामगारांचे किमान पगार वाढले (वाढायलाच हवे होते), आणि वीस-बावीसची पोरं पूर्वीइतकी पीत नाहीत, पाण्याच्या बाटलीवर रात्र काढतात, आणि क्लबची कमाई तर बारवर. ठेका चांगलाय, गल्ला नाही.

याच सगळ्यात मार्च 2024 मध्ये बर्लिनचा टेक्नो जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आला. बातम्यांमध्ये "युनेस्को" असं ठळक छापलं म्हणून लोकांना वाटलं जागतिक यादी, तसं नाहीये, ती देशाची यादी. तरी मान मिळाला. भाडं कोणी कमी केलं नाही.

प्रॅक्टिकल थोडं सांगतो. शुक्रवार-शनिवारी रात्रभर मेट्रो चालू असते, इतर दिवशी रात्री बस. क्लबला रात्री 10 ला गेलात तर झाडू मारणारा माणूस दार उघडेल, 1-2 शिवाय काही अर्थ नाही. त्याआधी लोक श्पेटीवर बसतात, म्हणजे रात्री उशिरापर्यंत उघडं असलेलं टपरीवजा दुकान, बाहेर बाकडं, आतून बिअर घ्यायची, रस्त्यावर पिणं इथे गुन्हा नाही. रिकामी बाटली कचऱ्यात टाकू नका, डब्याशेजारी उभी करून ठेवा, तिचे 8 सेंट परत मिळतात आणि ते गोळा करून महिना भागवणारी म्हातारी माणसं रात्रभर फिरत असतात, त्यांना हात घालून शोधायला लागू नये म्हणून. क्लबमध्ये कॅश लागते बऱ्याचदा. आणि गुड फ्रायडेला नाचण्यावर बंदी असते, पहाटे 4 ते रात्री 9, बर्लिनमध्येसुद्धा, यावर कोणाचाच विश्वास बसत नाही.

आतेभाऊ तर पहिल्या शनिवारी साडेनऊलाच घोरत होता. जेट लॅग. रविवारी पहाटे 4 ला टक्क जागा, येऊन मला हलवतोय, "दादा, गेली ना रात्र फुकट?" मी म्हटलं वेड्या, उलट. इथली जुनी खोडं शनिवारी रात्री झोपतात आणि रविवारी सकाळी फ्रेश होऊन क्लबला जातात, तेव्हा टुरिस्ट निघून गेलेले असतात, लाइन नसते आणि डीजेपण चांगले तेव्हाच लागतात. भारतातून आलेल्या माणसाचं घड्याळ यासाठी बनवल्यासारखंच आहे. कांदेपोहे केले, चहा घेतला, सातला निघालो. दारावरच्याने विचारलं किती जण, म्हटलं दोघं, आणि त्याने कोण वाजवतंय ते विचारायच्या आत आतेभावाने डीजेचं नाव त्याच्या ठाणेरी उच्चारात ठणकावून सांगितलं, पहाटे बसून पाठ केलं होतं गाढवाने. बाउन्सर हसला. मी पहिल्यांदाच बघितला हसताना.